खडकपट्टीचा पुकारा

दर बारा दिवसांनी पाटाच्या दाराचं चाक वंगण मागायचं. त्या दिवशी पाटकऱ्यानं कोपरापर्यंत हात काळे करून ते नुकतंच दिलं होतं, डबा अजून हातातच होता, आणि भांडण पेटलं. त्यामुळे मारामारीत सगळ्यात आधी उडाला तो डबा, आणि पालथा झाला तो पाटकऱ्याच्या एकुलत्या एका धड सदऱ्यावर. पुढं कुणाचा कान गेला, कुणाचा जबडा गेला, हे गावानं दहा तऱ्हांनी सांगितलं. पाटकरी मात्र आयुष्यभर पहिली तक्रार सदऱ्याचीच करत राहिला.

पण आधी पुकाऱ्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर भांडण कळायचं नाही. तळ्यातून निघालेला पाट बेचाळीस रानांना पाणी द्यायचा. आजोबांच्या वेळी एकदा पाण्यावरून अशी कापाकापी झाली की पाट दोन दिवस लाल वाहिला. दोन दिवस म्हणणारे जरा वाढवून सांगतात, अर्धा दिवस वाहिला असेल. तेव्हापासून गावानं एक रीत पाडली. ज्याची बारी असेल त्याच्या रानाचं नाव पाटकऱ्यानं उजाडताना मोरीवर, पाटावरच्या लहान पुलावर, उभं राहून पुकारायचं. मग मोरीच्या या टोकापासून त्या टोकाला चालून परत यायचं आणि दुसऱ्यांदा पुकारायचं. पुन्हा चालून तिसऱ्यांदा. तेवढ्यात काठावरून ‘हो’ आला की दाराचं चाक फिरवायचं. नाही आला, तर बारी गेली, पुढच्या रानाचं नाव घ्यायचं. कागद नाही, सही नाही. ‘हो’ सगळ्यांच्या कानांवर पडलेला असायचा, म्हणून मागाहून कुणाला फिरता यायचं नाही.

तो ‘हो’ पुरुषाचा असायचा. तसा नियम कुणी केला नव्हता. करायची वेळच आली नव्हती.

त्या सकाळी पाटकऱ्यानं पुकारलं, “खडकपट्टीऽऽ! आहे का कोणी?”

“होऽऽ!”

दोन ‘हो’ एकदम आले. एक ढोल्याचा. ढोल्याचा आवाज म्हणजे काय विचारता! एकदा त्यानं बांधावरून बैलाला हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली म्हैस दावं तोडून त्याच्या गोठ्यात येऊन उभी राहिली. दुसरा ‘हो’ बारीक, धारदार, लाकडातून जाणाऱ्या करवतीसारखा. तो करवतीचाच होता. तिला गाव करवतच म्हणायचं. तिचा नवरा हयात असताना कौतुकानं सांगायचा, “आमच्या घरात सरपणाला कुऱ्हाड लागत नाही. ही दोन शब्द बोलली की ढलप्या निघतात.” अकरा महिन्यांपूर्वी विहीर खणताना दरड त्याच्या अंगावर आली. तेव्हापासून खडकपट्टीचा ‘हो’ धाकटा दीर म्हणून ढोल्या द्यायचा.

“कोण बोललं?” ढोल्यानं मान वळवली.

“मी बोलले, भावजी. रान माझं, कांदा माझा. तुम्ही कशाला घसा कोरडा करता?”

“वहिनी, घरी जा. चूल बघा.”

“चूल बघूनच आले. चूल म्हणाली, अकरा महिने झाले, भावजी तुझ्या बारीचं पाणी आधी आपल्या उसाला पाजतात आणि तुला उरलेला चिखल देतात. मी म्हटलं, छे गं, असं कसं करतील? सख्खे दीर आहेत.”

काठावर चारपाच जण हसले. ते हसले नसते तर कदाचित निभावलं असतं. ढोल्यानं हात उचलला आणि असा ठेवून दिला की करवत चाकावर जाऊन आदळली. डबा उडाला तो तेव्हा. ती उठली. ओठातून रक्त येत होतं. ढोल्याला वाटलं, आता रडेल. ती जवळ गेली, त्याच्या खांद्याला धरून उंच झाली, आणि त्याचा उजवा कान दातांत धरला. चौघांनी तिला ओढलं, पण ओढल्यामुळेच घात झाला. कानाची पाळी तिच्या तोंडात राहिली. तिनं ती पाटात थुंकली. काहीजण सांगतात, ती बगळ्यानं उचलली आणि बगळा तीन दिवस ओरडत फिरत होता.

पाटकऱ्यानं पाणी ढोल्यालाच दिलं.

“असं कसं, पाटकरीभाऊ?” ओठ पुसत तिनं विचारलं. “दोन ‘हो’ आले ना?”

“आले, वहिनी. पण मला एकच मोजायची सवय आहे.”

“मग सवय मोडा.”

“माझी मोडेल हो,” पाटकरी हळूच म्हणाला, “पण त्याआधी माझी हाडं मोडतील.”

पाटकरी माणूस वाईट नव्हता. त्याचं पोट त्या चाकावर होतं, आणि चाकावर त्याला ठेवणाऱ्या पाचजणांत ढोल्या होता. वाईट माणसापेक्षा अशा माणसाचाच जास्त उपद्रव होतो, हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

मग गावाला विषय मिळाला. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेले लोक फेस वाळेपर्यंत भांडायचे. एक म्हणायचा, बाईचं रान तर बाईचा आवाज. दुसरा म्हणायचा, उद्या म्हणेल चाकही मीच फिरवते. न्हाव्यानं एकदा ऐकता ऐकता एकाची अर्धी मिशी उडवली. त्यावरूनही मारामारी झाली.

पुरुषांचं एक ठीक होतं, ते निदान दोन्हीकडून बोलायचे. धुण्याच्या दगडांवर बायका एकाच बाजूनं बोलत होत्या.

“बाईच्या जातीला बट्टा लावला हिनं.”

“दिराचा कान खाल्ला, बाई! उद्या आमचे नवरे आमच्या तोंडाला मुसकी बांधतील.”

“नवरा गेला तेव्हा रडलीसुद्धा नाही.”

“रडले ना,” करवत लुगडं पिळत म्हणाली. “पण तेव्हा तुम्ही जेवत होता.”

कुणीतरी दगड मारला. भुवईवर बसला, डोळ्यात रक्त उतरलं. करवतीनं तो दगड पाण्यातून शोधून काढला आणि जिनं मारला होता तिच्यापुढं ठेवला. “घे. चांगला दगड आहे, घासायला कामी येईल. आणि एक सांगते, देव करो नि तुझा नवरा शंभर वर्षं जगो, पण तुझ्या रानालाही एक दीर आहे.”

ती बाई त्या दिवशी धुणं अर्धवट टाकून घरी गेली.

पुढच्या बारीला करवतीनं डोकं चालवलं. लोहाराला बरोबर घेऊन आली. लोहार गावातला सगळ्यात शांत माणूस, घणाखेरीज त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पुकारा झाला, आणि ढोल्यानं छाती भरून घेण्याआधीच लोहारानं “हो” म्हणून टाकलं. पुरुषाचा आवाज होता. पाटकऱ्यानं चाक फिरवलं, आणि ते फिरवताना त्याला इतकं बरं वाटलं की नेहमीपेक्षा अर्धा आटा जास्तच उघडला. त्या दिवशी खडकपट्टीचा कांदा वर्षात पहिल्यांदा पोटभर पाणी प्याला.

ढोल्यानं तिसऱ्या दिवशी बैठक बोलावली, पिठाच्या गिरणीपुढं. कानावर पट्टी बांधून तोच मधे बसला. “नियम लिहून टाका,” म्हणाला, “म्हणजे तंटाच नको. मास्तर, लिहा. ‘हो’ त्याच कुळातल्या पुरुषानं द्यायचा. परका चालणार नाही. माहेरचा चालणार नाही.”

मास्तरांनी लिहिलं.

“स्वतःच्या तोंडानं द्यायचा. हात वर केलेला चालणार नाही, मान हलवलेली चालणार नाही.”

“ते कशाला?” मास्तरांनी विचारलं.

“हिचा काय भरवसा? आमच्या कुळातला कुठला मुका चुलत चुलता धरून आणेल!”

लोक हसले. पाटकऱ्यानं भीतभीत विचारलं, “आणि मालक, एखाद्याचा घसाच बसला तर?”

“माझा घसा?” ढोल्या असा गरजला की गिरणीच्या पत्र्यावरचं पीठ खाली आलं. “माझा बसेल तेव्हा बघू.”

कूळ म्हणजे दोनच भाऊ होते. थोरला गेला, करवतीला मूल नव्हतं. धाकटा ढोल्या, त्याला तीन मुली. म्हणजे खडकपट्टीला ‘हो’ देणारं तोंड गावात एकच उरलं. मास्तरांनी डांबरानं तो नियम पाटाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून काढला. मास्तरांचं अक्षर फार सुंदर होतं.

त्यानंतरच्या बारीला पाटकरी उजाडताना पोचला तेव्हा करवत आधीच तिथं होती. दोन्ही हात चाकाच्या आऱ्यांतून घालून, बोटांत बोटं अडकवून उभी. ऊन अजून वर आलं नव्हतं, तरी वारा भट्टीतल्यासारखा लागत होता. खडकपट्टीतल्या भेगा अशा वासल्या होत्या की कोंबडीचं पिल्लू आत पडलं तर आवाज तेवढा यावा. कांदा ऐन पोसायच्या भरात होता. ही बारी चुकली तर निम्मा जाईल आणि पुढची चुकली तर सगळा, हे तिलाही कळत होतं आणि ढोल्यालाही.

“वहिनी, बाजूला व्हा,” पाटकरी म्हणाला. “मला पुकारायचंय.”

“पुकारा की. मी कुठं तोंड धरलंय तुमचं?”

पुकारा झाला. ‘हो’ दोघांनीही दिला. ढोल्या आपल्या दोन साडूंना घेऊन आला होता, तिघांच्या हातांत काठ्या होत्या. बोलणं झालंच नाही. पहिली काठी पाठीवर पडली, दुसरी दंडावर. ती किंचाळली, पण हात सोडले नाहीत. तिसरी, चौथी, मग मोजणं राहिलं. काठावर वीसएक माणसं उभी होती. लोहार धावला, तर धाकट्या साडूनं त्याच्या गुडघ्यावर काठी घातली, तो तिथंच बसला. चोळी पाठीवर फाटली आणि आतली कातडी दिसायला लागली, तेव्हा विसांतल्या काहीजणांनी तोंडं फिरवली. कुणी पुढं आलं नाही.

दम लागल्यावर ढोल्या थांबला. “पाटकऱ्या, चाक तुझं आहे ना? सोडव तिची बोटं.”

आणि पाटकऱ्यानं सोडवली. पुढं कितीतरी वर्षं गोष्ट सांगताना तो इथं यायचा आणि पाणी प्यायला उठायचा. डाव्या करंगळीपासून त्यानं सुरुवात केली. एकेक बोट उलगडावं लागत होतं. ती त्याच्याकडे बघत होती.

“सावकाश, पाटकरीभाऊ,” ती म्हणाली. “वंगण तुम्हीच लावलंय, निसटतील.”

आठवं बोट सुटलं आणि ती चिखलात पडली. ढोल्यानं लाथ उचलली. ती पोटाला बसायची ती तोंडाला बसली, किंवा तोंडालाच मारली होती, यावर नंतर न्हाव्याकडे वाद झाले. पाटकऱ्याला फक्त आवाज आठवतो. वाळलेली काठी गुडघ्यावर मोडावी तसा. ढोल्या भिंतीवरच्या डांबरी अक्षरांकडे बोट दाखवत म्हणाला, “आता दे ‘हो’.”

पाणी उसाला गेलं. नवी लागण होती ढोल्याची, कोवळे कोंब नुकते वर आले होते. त्या दिवशी ते फारच हिरवे दिसले.

मोठ्या दवाखान्यात करवतीचे वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. गावातला एकजण म्हणाला, डॉक्टरांनी गावावर उपकार केले. त्यावर हसणारे निघाले, पण पहिल्याइतके नाही.

पाटकरी एका दुपारी दुधाचा तांब्या घेऊन तिच्या दारी गेला. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड सुजून भोपळा झालेलं. त्याला बघितल्यावर तिनं हाताशी होतं ते पितळी भांडं फेकून मारलं. नेम असा की दोन्ही भुवयांच्या बरोबर मधोमध. पाटकरी कपाळ धरून खाली बसला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “अजून एक असेल तर मारा, वहिनी.”

अजून एक होतं. तिनं तेही मारलं.

मागच्या दारानं तेवढ्यात ढोल्याची बायको आत आली, पदराखाली पेजेचं भांडं. तिची आणि करवतीची वीस वर्षांची तेढ होती. एकीच्या कोंबड्या दुसरीच्या अंगणात आल्या तरी युद्ध व्हायचं. युद्धात अर्थात करवतच बोलायची. धाकटीचा आवाज गावात कुणी ऐकलाच नव्हता. ढोल्याच्या घरात दुसऱ्या आवाजाला जागा कुठं होती? पाटकऱ्याला बघून ती दचकली. तिच्या मनगटावर काळानिळा डाग होता, बोटांच्या आकाराचा. तिनं पेज ठेवली, एक नळी जावेच्या ओठांत दिली आणि भांडं धरून बसली. पाटकरी कपाळावरचं टेंगूळ चोळत निघून गेला.

मग आली ती पुढची बारी, जी चुकली तर कांदा सगळाच जाणार होता.

त्या सकाळी काठावर जत्रेसारखी माणसं. बायकाही होत्या, लांब, बाभळीखाली घोळक्यानं उभ्या. ढोल्या साडूंसह पुढं उभा. करवत आली. जबड्याखालून डोक्यावर फडकं बांधलेलं, हातात फावडं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बारीच्या दिवशी फावडं सगळ्यांच्याच हातात असतं.

पाटकऱ्यानं पुकारलं, “खडकपट्टीऽऽ! आहे का कोणी?”

ती गप्प. तारेआडून काय बोलणार? ढोल्या हसला. घाई कसली, तिसऱ्या पुकाऱ्याला देऊ, म्हणजे जरा मजा बघता येईल, असं त्यानं साडूला सांगितलं. पाटकरी चालून आला. दुसरा पुकारा. पुन्हा चालला. तिसरा.

ढोल्यानं डोकं मागं टाकलं, छाती भरून घेतली, तोंड उघडलं.

फावड्याचं पातं आडवं आलं. करवतीनं ते दोन्ही हातांनी, कमरेतून फिरवून मारलं, ढेकूळ फोडतात तसं. उघडं तोंड असल्यानं जबडा जागेवरच राहिला नाही. तीन दात पाटाच्या भिंतीवर जाऊन लागले, एक डांबरात रुतला, असं पाहणारे अजून शपथेवर सांगतात. ढोल्या गुडघ्यांवर आला. तोंडातून रक्ताची धार आणि एक विचित्र, फुटक्या पखवाजासारखा हवेचा आवाज.

मग दंगल. थोरल्या साडूनं करवतीच्या डोक्यात काठी घातली, लोहारानं लंगडत येऊन थोरल्या साडूला उचलून पाटात टाकला. धाकट्याला कुणी मारलं ते कळलंच नाही, कारण तोवर जो तो आपापली जुनी उसनवारी फेडत होता. मास्तरांचा चष्मा फुटला. न्हाव्याला, ज्याची अर्धी मिशी गेली होती त्यानं गाठलं.

पाटकरी मोरीवर उभा राहून हे सगळं बघत होता. आणि त्याच्या लक्षात आलं, आपला तिसरा पुकारा होऊन गेलाय. ‘हो’ आलेला नाही.

“खडकपट्टीची बारी गेलीऽऽ!” तो ओरडला. मारामारी थोडी थांबली. “आता पुढचं रान. मळाऽऽ! आहे का कोणी?”

मळा ढोल्याचा.

सगळे ढोल्याकडे बघायला लागले. ढोल्यानं हात वर केला.

“हात चालत नाही, मालक,” पाटकरी नम्रपणे म्हणाला. त्यानं भिंतीकडे बघितलं. “तोंडानं.”

“हाऽऽ... ब्बाऽ...”

“हे ‘हो’ नाही.”

“अरे मी देतो ‘हो’!” पाटातून निथळत बाहेर येत थोरला साडू ओरडला. “होऽऽ!”

“तुम्ही साडू. कुळातले नाही.”

“पाटकऱ्या, शेफारलास काय? लागण वाळेल सगळी! बारा दिवस या उन्हात कोंब राहील का?”

“मी काय करू? नियम मालकांनीच घातलाय. मी विचारलंही होतं, घसा बसला तर काय.” एवढं बोलून पाटकरी मोरीच्या त्या टोकाला चालायला लागला. आयुष्यात तो इतका सावकाश कधी चालला नव्हता. परत आला. “मळाऽऽ! दुसरा पुकारा!”

ढोल्याचे डोळे फिरले. रक्त गळत तो उठला आणि बाभळीकडे हात हलवायला लागला. बायकोकडे. तिला पुढं ये, पुढं ये म्हणून खुणा करायला लागला. ती आली. पाटकरी चालून परत येईपर्यंत ती मोरीपाशी पोचली होती.

“मळाऽऽ! तिसरा पुकारा!”

“हो,” ती म्हणाली.

“ऐकू आलं नाही.”

“होऽऽऽ!”

बाभळीवरचे पक्षी उडाले. ढोल्याचा आवाज मोठा होता म्हणतात, पण तो बायकोनं वीस वर्षं साठवलेला ऐकेपर्यंत. काठावरच्या एका म्हाताऱ्यानं दचकून हातातली काठीच टाकली.

पाटकऱ्यानं चाकाला हात लावला नाही. “मालक, हा बाईचा आवाज आहे. चालतो का?”

ढोल्यानं जोरजोरात मान हलवली.

“मान चालत नाही म्हणून तुम्हीच लिहिलंय. पण एवढ्यापुरती मी धरतो. सगळ्यांनी बघा हो! बाईचा ‘हो’ चालतो, मालकांनी मान हलवली. मास्तर, बघितलंत?”

“चष्म्याशिवाय दिसत नाही,” मास्तर म्हणाले, “पण हलली असावी.”

“चालतो तर मग आधीपासून चालतो,” पाटकरी म्हणाला, आणि आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. “म्हणजे खडकपट्टीचा पुकारा चुकला. परत करतो. खडकपट्टीऽऽ! आहे का कोणी?”

करवत चिखलात बसलेली होती, डोकं फुटून रक्त कानामागं उतरलेलं. ती फावड्याला धरून उठली. तिनं फडकं सोडलं. जबडा उघडायचा प्रयत्न केला, तार ताणली, हिरड्यांतून रक्त आलं. धाकटी म्हणाली, “जाऊबाई, नका, मी देते.” करवतीनं तिला हातानं मागं सारलं. एक तार तुटल्याचा आवाज आला. मग आतून कुठूनतरी, खोलवरून, नांगर खडकाला लागावा तसा एक ‘हो’ बाहेर पडला.

पाटकऱ्यानं चाक फिरवलं. धाकटा साडू धावून आला आणि त्यानं पाटकऱ्याच्या डाव्या कानशिलावर काठी घातली. पाटकरी चाकाला लोंबकळला, पण त्याच्या वजनानंच चाक आणखी फिरलं. तो कान कायमचा गेला. पाणी खडकपट्टीत शिरलं तेव्हा भेगांतून असा सुस्कारा निघाला की लांबच्या गोठ्यातली जनावरंही उठून उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, करवतीचा विजय झाला. थांबा.

आठ दिवसांनी बैठक बसली. दोन ठराव झाले. पहिला असा: यापुढं बारीचा ‘हो’ कुळातल्या पुरुषानं वा बाईनं, कुणीही द्यावा. मास्तरांनी नव्या चष्म्यातून वाचून दाखवलं, “मळ्याच्या मालकांच्या उदार संमतीनं आणि पुढाकारानं.” मान पहिली त्यांचीच हलली होती ना! टाळ्या झाल्या. ढोल्याच्या गळ्यात हार पडला. जबडा बांधलेला असल्यानं त्याला भाषण करता आलं नाही, तेवढं गावाचं नशीब. पुढं शेजारच्या गावांनी हा नियम उचलला तेव्हा तिथले लोक ढोल्याला बघायला यायचे.

दुसरा ठराव असा: दारावर शस्त्र चालवल्याबद्दल करवतीला वर्षभर पाटाच्या दाराशी यायला बंदी. बाभळीच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही. दिराच्या काठीचं आणि लाथेचं काय, असं लोहारानं विचारलं. ते घरगुती होतं, असं ठरलं.

धुण्याच्या दगडांवर बायका अजूनही तिच्यापासून चार हात लांब बसत. “काही म्हणा, पण बाईनं इतकं करू नये,” म्हणत. असं म्हणणाऱ्यांपैकी सात जणी पुढच्या बारीला स्वतःचा ‘हो’ द्यायला मोरीपाशी रांगेत उभ्या होत्या. जिनं दगड मारला होता ती सगळ्यात पुढं.

“खडकपट्टीऽऽ!” पाटकऱ्यानं उजवा कान काठाकडे करून पुकारलं. “आहे का कोणी?”

“होऽऽ!” ढोल्याची बायको म्हणाली. बंदी करवतीच्या पावलांवर होती, आणि कुळातली दुसरी बाई तीच.

बाभळीखालून एक वाकडातिकडा, अर्धा नाकातून येणारा आवाज आला. “धाकटेऽ! पाणी पूर्ण जाऊ दे! चार बोटं जरी कमी झालं तरी मोजेन मी!”

“गप बसा तिथं!” धाकटी ओरडली. “बारी मी बोलले आहे. तुम्ही आपलं बाभळीचे काटे मोजा!”

“आवाज चढला गं तुझा!”

“तुमच्याकडूनच चढला!”

दोघी तशाच एकमेकींना घालूनपाडून बोलत राहिल्या, एक रानाकडे जाणाऱ्या चारीच्या कडेनं पाण्याबरोबर चालत, दुसरी बाभळीखाली फावडं मांडीवर घेऊन. पाणी मळ्याच्या बांधापाशी पोचलं. तिथं ढोल्या उभा होता, बांध फोडायला कुदळ घेऊन. जुनी सवय. त्यानं बांधावर कुदळ मारली, पाणी उसाकडे वळायला लागलं.

त्याच्या बायकोनं एक ढेकूळ उचललं आणि फट बुजवली.

“बारी खडकपट्टीची आहे,” ती म्हणाली. “मी बोलले आहे.”

ढोल्यानं हात उचलला. तो नेहमीचा हात होता, वीस वर्षांच्या सरावाचा. ती हलली नाही. तिनं वाकून आपलं फावडं उचललं, मारायला नव्हे, नुसतं हातात धरलं.

ढोल्याचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला, आणि जाऊन त्याच्या स्वतःच्या जबड्यावर बसला.

पाणी पुढं कांद्याकडे गेलं.